पोस्टिंग आली, आता पुढे काय? छावणी बदलताना जवान आणि घरचे विचारतात ते प्रश्न

जवानाची बदली एका ऑर्डरवर होते. घराची बदली व्हायला मात्र युनिटचं ऑफिस, स्टेशन हेडक्वार्टर, शाळा आणि आरटीओ अशा चार खिडक्या झिजवाव्या लागतात. खालचे प्रश्न भारतीय लष्करातले जवान, जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) आणि त्यांच्या घरच्यांकडून सतत येतात. अधिकाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं. फरक एवढाच की त्यांचे पगाराचे आणि प्रवासाचे दावे पुण्याच्या पीसीडीए (ओ) या अधिकाऱ्यांच्या हिशेब कार्यालयाकडे जातात.

पोस्टिंग ऑर्डर आली. लगेच सामान बांधायला घ्यायचं का?

नाही. पोस्टिंग ऑर्डर आणि मूव्हमेंट ऑर्डर हे दोन वेगळे कागद आहेत. पहिल्यावर तुम्ही कुठे जाणार ते असतं, दुसऱ्यावर तुम्ही कधी सुटणार ते. मधल्या काळात रिलिव्हर, म्हणजे तुमच्या जागी येणारा माणूस, वेळेवर पोहोचत नाही, युनिट एक्सरसाइजला निघतं, किंवा तुमचं नाव एखाद्या कोर्सला लागतं आणि सुटण्याची तारीख पुढे सरकते. म्हणून मूव्हमेंट ऑर्डर हातात पडेपर्यंत ट्रकवाल्याला ॲडव्हान्स देऊ नका आणि मुलांचे दाखलेही काढू नका. ज्याला पैसे लागत नाहीत ते सगळं मात्र आजच सुरू करा: कागदांची फाइल, सामानाची यादी, नव्या स्टेशनवर कोण ओळखीचं आहे याची चौकशी.

निघण्याआधी सगळ्यात आधी कोणता कागद बघायचा?

पार्ट टू ऑर्डर, म्हणजे तुमच्या आणि घरच्यांच्या नोंदींतले बदल छापणारा युनिटचा आदेश. तिकीट, सामान, बदली अनुदान ही सगळी मंडळी नंतरची.

लग्न झालं, मूल झालं, मुलाचं नाव बदललं, वडील वारले, यातली प्रत्येक गोष्ट पार्ट टू ऑर्डरमध्ये छापून आली तरच ती फौजेच्या लेखी घडलेली असते. धाकटी मुलगी दोन वर्षांची झाली, पण तिच्या जन्माची ऑर्डर निघालेलीच नाही, असं प्रकरण प्रत्येक ऑफिसात एखादं तरी सापडतं. मग तिचं तिकीट दाव्यात बसत नाही, डिपेंडंट कार्ड होत नाही, शाळेसाठी लागणाऱ्या सर्टिफिकेटवर नाव येत नाही. आणि या चुका उघडकीला येतात नेमक्या बदलीच्या वेळी, कारण तेव्हाच सगळं कुटुंब एकदम कागदावर यावं लागतं.

दुसरी गोष्ट स्पेलिंगची. आधार कार्डावर ‘सुनीता’, किंड्रेड रोलवर (फौजेकडच्या कुटुंबाच्या यादीवर) ‘सुनिता’, लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव. आपल्याकडे मधलं नाव आणि आडनाव यांची अदलाबदल तर घरोघरी आहे. एका इंग्रजी अक्षराचा फरक असला तरी ऑडिटवाले दावा परत पाठवतात. जुन्या युनिटचा क्लार्क तुम्हाला ओळखतो, तुमचं सर्व्हिस डॉक्युमेंट त्याच्या कपाटात आहे. तिथे दोन दिवसांत होणारं काम नव्या ठिकाणी महिनाभर रेंगाळतं. तेव्हा दुरुस्ती जुन्या जागीच करून घ्या.

फॅमिली सोबत नेता येईल का?

पीस स्टेशन, म्हणजे शांत भागातली छावणी असेल तर हो, क्वार्टर मिळेल तसं. फील्ड, म्हणजे सीमेवरची किंवा मोहिमेची जागा असेल तर नाही. ऑर्डरवर युनिटचं नाव बघून अंदाज बांधू नका. तीच युनिट दोन-तीन वर्षांनी फील्डमधून पीसला आणि पीसमधून फील्डला जात असते. ‘आता झाशीजवळ बबिन्याला आहे, फॅमिली आणतो’ म्हणून सामान पोहोचवायचं आणि पाठोपाठ युनिटचीच हलण्याची वेळ यायची, असं होतं. युनिट त्या जागी किती दिवस राहणार आहे, हे ॲडज्युटंटच्या (युनिटचा कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या) ऑफिसातून तोंडी कळतं. त्याला फोन लावायला लाजू नका. मात्र जे कळेल ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

फील्डला पोस्टिंग आहे. बायको-मुलांनी कुठे राहायचं?

तीन मार्ग आहेत: गावी, भाड्याच्या घरात, किंवा सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये, ज्याला सगळे ‘एसएफ’ म्हणतात. एसएफ क्वार्टर ठरावीक स्टेशनांवर असतात आणि त्यांची वेगळी यादी असते. अर्ज लवकर टाका, कारण यादी हलते ती संथपणे.

माझं मत विचाराल तर, मुलं शाळेत जाणारी असतील तर एसएफ गावापेक्षा बरं. गावी आजी-आजोबा असतात हे खरं, पण एमएच (मिलिटरी हॉस्पिटल) लांब, कँटीन लांब, आणि रात्री-अपरात्री काही झालं तर धावणारं कोण, हा प्रश्न उरतो. एसएफ क्वार्टरमध्ये शेजारच्या दारामागेही तीच परिस्थिती असते. तिथल्या बायका एकमेकींच्या मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडतात, गॅस संपला तर सिलिंडर उसना देतात. याउलट मूल तान्हं असेल किंवा घरात आजारी माणूस असेल तर गाव बरं.

नव्या स्टेशनवर क्वार्टर लगेच मिळतं का?

क्वचित. जेसीओ आणि जवानांची प्रतीक्षा यादी असते, आणि तिच्यात तुमचा नंबर कधी लागतो ते स्टेशनवर अवलंबून. मोठ्या शहरांत मारामार, लहान छावण्यांत तुलनेनं सोपं. पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात अर्ज द्या आणि यादीतला आपला नंबर स्वतः बघून या.

सरकारी क्वार्टर नसेल तर घरभाडे भत्ता मिळतो. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर पोहोचल्यावर 2024 पासून त्याचे दर बेसिकच्या 30, 20 आणि 10 टक्के झाले, शहराच्या एक्स, वाय, झेड वर्गाप्रमाणे. मुंबई आणि पुणे एक्समध्ये येतात, नागपूर आणि नाशिक वायमध्ये. क्वार्टर ताब्यात घेतलं की भत्ता थांबतो. तो थांबवण्याची ऑर्डर वेळेवर निघाली का ते तुम्हीच बघा; नाहीतर काही महिन्यांनी पगारातून एकरकमी वसुली होते आणि घरचा हप्ता चुकतो.

क्वार्टर सोडताना आणि घेताना काय बघायचं?

याला मार्चिंग आउट आणि मार्चिंग इन म्हणतात. मार्चिंग आउटला काळजी सगळेच घेतात, कारण बॅरक डॅमेजचे, म्हणजे क्वार्टरमधल्या मोडतोडीचे पैसे भरावे लागतात. खरी काळजी घ्यायची असते ती मार्चिंग इनला.

एमईएसचा (फौजेच्या इमारती सांभाळणाऱ्या खात्याचा) माणूस यादी घेऊन येतो: पलंग दोन, टेबल एक, खुर्च्या चार, पंखे तीन. तो घाईत असतो आणि तुम्हीही, कारण बाहेर ट्रक उभा असतो, मुलं उन्हात रडत असतात. सही करून मोकळं व्हावंसं वाटतं. तरीही प्रत्येक खोलीत जा. खिडकीच्या काचेला तडा आहे का, न्हाणीघराच्या दाराचं खालचं लाकूड कुजलंय का, पंख्याचा रेग्युलेटर फिरतो का, सिंकखालचा पाइप गळतो का, बघा. जे दिसेल ते यादीवरच लिहा, त्याची सही घ्या, मोबाइलवर फोटो काढा. विजेच्या मीटरचं रीडिंगही त्याच कागदावर लिहा. दोन-तीन वर्षांनी तुम्ही निघाल तेव्हा तो माणूस बदललेला असेल, आणि आधीपासून तडकलेली काच तुम्हीच फोडलीत असं यादी सांगेल.

सोडताना वीजबिल, पाणी, फर्निचर, सगळ्यांचं नो ड्यूज घेऊन मूळ प्रत स्वतःजवळ ठेवा. युनिटला झेरॉक्स चालते.

बदलीचे पैसे काय मिळतात?

प्रवासाचं भाडं, सामानाची वाहतूक आणि एकरकमी बदली अनुदान, ज्याला सीटीजी म्हणतात. सातव्या वेतन आयोगानंतर सीटीजी शेवटच्या महिन्याच्या बेसिकच्या 80 टक्के आहे. हवालदाराची बेसिक 29,200 असेल तर 23,360 रुपये. नवी जागा जुन्या जागेपासून 20 किलोमीटरच्या आत असेल तर याच्या एक तृतीयांश. सामान किती वजनाचं नेता येतं आणि किलोमीटरमागे किती दर मिळतो हे पे लेव्हलवर ठरतं, आणि जे मिळतं ते दर आणि खरा खर्च यांतलं कमी असलेलं. म्हणजे पावती नसेल तर दर कितीही असला तरी उपयोग नाही.

निघण्याआधी ॲडव्हान्स उचलता येतो. उचललात तर दावा वेळेत भरा. केंद्र सरकारनं 2018 मध्ये ही मुदत वर्षभरावरून प्रवास संपल्यापासून 60 दिवसांवर आणली. नव्या युनिटमध्ये रुळायलाच दोन महिने जातात, त्यामुळे दाव्याचे कागद ट्रंकेत तळाशी जाऊ देऊ नका. हिशेब न दिलेला ॲडव्हान्स पगारातून कापला जातो, वर व्याज.

फॅमिली तुमच्याबरोबर न येता मागाहून आली तरी तिचा प्रवासाचा हक्क बुडत नाही. त्यालाही मुदत असते, ती मूव्हमेंट ऑर्डर घेतानाच क्लार्ककडून कागदावर लिहून घ्या.

रेल्वेचं रिझर्व्हेशन मिळत नाही. काय करू?

वॉरंट, म्हणजे तिकिटासाठीचा सरकारी कागद असो की डिफेन्स ट्रॅव्हल सिस्टिमवरून ऑनलाइन काढलेलं तिकीट, वेटिंगचा त्रास सगळ्यांना सारखाच. मोठ्या स्टेशनांवर एमसीओ, म्हणजे मूव्हमेंट कंट्रोल ऑफिस असतं आणि त्यांच्याकडे लष्करी कोटा असतो. मूव्हमेंट ऑर्डर आणि ओळखपत्र घेऊन आदल्या दिवशीच जा. गाडी सुटायच्या तासभर आधी गेलात तर तिथला हवालदार फार तर सहानुभूती देईल. मे-जूनमध्ये सगळी फौज एकदम हलते, तेव्हा तर लवकरच जा.

पॅकर्स अँड मूव्हर्स कसा निवडायचा?

ज्या स्टेशनवरून निघताय तिथे आधी बदलून गेलेल्यांना विचारून. इंटरनेटवर पहिला दिसणारा नंबर लावू नका. ठरलेली रक्कम घेऊन सामान चढवायचं, अर्ध्या वाटेत ट्रक थांबवायचा आणि ‘अजून इतके द्या, नाहीतर सामान उतरवणार नाही’ म्हणायचं, हा धंदा जुना आहे. त्यांना माहीत असतं की तुम्ही नव्या युनिटला रिपोर्ट करायला बांधलेले आहात आणि ट्रकमागे धावू शकत नाही.

दाव्यासाठी तुम्हाला लागणार आहे: जीएसटी नंबर असलेलं बिल, ट्रकचा नंबर, वजन, निघाल्याची आणि पोहोचल्याची तारीख, आणि बिल्टी (माल चढवल्याची वाहतूकदाराची पावती). हे सगळं देणार का, असं फोनवर आधी विचारा. जो टाळाटाळ करतो तो स्वस्त असला तरी महाग पडतो. सामानाचा विमा काढा, आणि विमा ट्रकचा आहे की तुमच्या सामानाचा, तेही वाचून घ्या.

दागिने, मूळ कागदपत्रं, मेडल्स आणि युनिफॉर्मचा एक पूर्ण सेट ट्रकमध्ये टाकू नका. ट्रक आठवडाभर उशिरा आला तरी पहिल्या दिवशी फॉल इनला (हजेरीच्या रांगेत) उभं राहायचंच असतं.

काळ्या ट्रंकेवर नाव, नंबर, युनिट रंगवायचं का?

नाव आणि नंबरचे शेवटचे आकडे पुरेत. ट्रक सिव्हिलचा असताना बाहेरून युनिट वाचता येऊ नये. जुनी अक्षरं असतील तर वर काळा हात मारा.

शाळेचं काय? सत्र अर्धं झालंय.

केंद्रीय विद्यालयातून केंद्रीय विद्यालयात जाणाऱ्याला सगळ्यात कमी त्रास. ही व्यवस्था बदल्या होणाऱ्यांसाठीच उभी आहे. नव्यानं प्रवेश घेताना गेल्या सात वर्षांत तुमच्या किती बदल्या झाल्या ते मोजलं जातं, त्यामुळे बदल्यांचं सर्टिफिकेट युनिटकडून सहीशिक्क्यासह घ्या. फील्डला जाताना फॅमिली आपल्या सोयीच्या शहरात हलवणाऱ्यांच्या मुलांसाठीही केंद्रीय विद्यालयाच्या नियमांत तरतूद आहे, ती बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

आर्मी पब्लिक स्कूल हा दुसरा पर्याय. 1983 मध्ये स्थापन झालेली आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटी या 130 हून अधिक शाळा चालवते आणि प्रवेशात सेवेतल्या सैनिकांच्या मुलांना प्राधान्य असतं.

अडचण होते ती राज्य मंडळाच्या मराठी शाळेतून थेट सीबीएसईत जाणाऱ्यांची. दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊनच निघा. पंजाबातून परत येऊन ती घेणं म्हणजे एक सुट्टी गेली. आणि पहिले सहा महिने मुलाचे गुण पडतील. गणित त्याला येत असतं, प्रश्नाची भाषा कळत नसते. त्याला लगेच क्लास लावण्यापेक्षा गणिताच्या आणि विज्ञानाच्या शब्दांची मराठी-इंग्रजी वही करून द्या.

मुलगी नववीत आहे. बदली घ्यावी की थांबावं?

नववीत आणि अकरावीत बोर्डाकडे नाव नोंदवलं जातं. त्यामुळे दहावीत किंवा बारावीत शाळा बदलायला सीबीएसईची मंजुरी लागते. बदलीच्या कारणानं ती मिळते, पण विषय जुळले पाहिजेत. जुन्या शाळेत मराठी किंवा संस्कृत घेतलं असेल आणि नव्या शाळेत ते शिकवतच नसतील, तर अडकायला होतं. शक्य असेल तर नववी संपायच्या आत हला, नाहीतर दहावी होईपर्यंत आई आणि मुलगी जुन्या ठिकाणी राहू द्या. सत्र संपेपर्यंत क्वार्टर ठेवू देण्याचा अर्ज सीओ साहेबांमार्फत (युनिटच्या कमांडिंग ऑफिसरमार्फत) करता येतो. मुलांच्या शिक्षणाच्या कारणावर केलेला अर्ज सहसा सहानुभूतीनं वाचला जातो.

गाडीचा नंबर एमएच आहे. दुसऱ्या राज्यात चालेल का?

12 महिने चालेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे त्याहून जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवायची असेल तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी जुन्या आरटीओची एनओसी, नव्या राज्यात रोड टॅक्स, आणि मग जुन्या राज्याकडून उरलेल्या वर्षांच्या टॅक्सचा परतावा. हा परतावा मागायला लोक कंटाळतात आणि हजारो रुपये सोडून देतात.

नवी गाडी घेणार असाल तर बीएच (भारत) सिरीजचा नंबर घ्या. सप्टेंबर 2021 पासून ही सोय आहे, संरक्षण दलातल्यांना मिळते, आणि राज्य बदललं तरी नंबर बदलत नाही. टॅक्स 15 वर्षांचा एकदम न भरता दोन-दोन वर्षांनी भरायचा: 10 लाखांखालच्या गाडीला 8 टक्के, 10 ते 20 लाखांना 10, त्यावर 12; डिझेलला 2 टक्के जास्त, इलेक्ट्रिकला 2 टक्के कमी. शोरूमवाले पुष्कळदा ‘फार कटकट असते’ म्हणून टाळतात. कटकट त्यांची असते, तुमची नाही. तुम्हाला ओळखपत्र द्यायचं असतं. एकच ध्यानात ठेवा, दोन वर्षांनी टॅक्स भरायची तारीख चुकली तर दंड रोज वाढतो.

पोस्टिंग लेहला आहे. वेगळी तयारी काय?

तयारी करण्यापेक्षा काही न करण्याची तयारी ठेवा. लेह साधारण 11,500 फुटांवर आहे. चंदीगडहून विमानानं गेलात तर सकाळी मैदानात आणि दीड तासात त्या उंचीवर. शरीराला ते कळायला वेळ लागतो. म्हणून फौजेत पहिल्या टप्प्याला सहा दिवस असतात: पहिले दोन दिवस फक्त विश्रांती, पुढचे दोन दिवस सपाटीवर हळू चालणं, शेवटचे दोन दिवस थोडं जास्त चालणं आणि लहान चढ. 12,000 फुटांच्या वर जायचं असेल तर आणखी चार दिवस, 15,000 च्या वर आणखी चार.

तरणीबांड पोरंच यात फसतात. बीपीईटीत (फौजेच्या शारीरिक क्षमता चाचणीत) पहिला येणारा दुसऱ्या दिवशी म्हणतो, ‘मला काही होत नाही’, आणि बादली उचलून धावतो. फुफ्फुसात पाणी भरणं हे दमसास बघून होत नाही. डोकं दुखतंय, रात्री खोकला येतोय, आडवं झाल्यावर धाप लागतेय, यातलं काहीही असेल तर लगेच एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) सांगा, कुणी हसेल याची पर्वा न करता. मोठ्या सुट्टीवरून परतल्यावरही हे पुन्हा लागतं, त्यामुळे सुट्टीचे दिवस मोजताना ते धरा.

बायको गरोदर आहे.

एमएचमधली जुनी फाइल, सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि रक्तगट यांची मूळ प्रत पिशवीत, झेरॉक्स मोबाइलमध्ये. नव्या स्टेशनच्या एमएचमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत का, ते निघण्याआधी विचारा. लहान छावण्यांत नसतात आणि मोठ्या एमएचला पाठवतात. शेवटच्या तीन महिन्यांत हलवू नका.

गॅस, बँक, आधार?

गॅससाठी सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीत जमा करून व्हाउचर आणि डिपॉझिट परत घ्या, ते दाखवून नव्या गावी कनेक्शन मिळतं. बँकेत फक्त पत्ता बदला, खातं हलवायची गरज नाही. आधारवर गावचा पत्ता असेल तर तसाच राहू द्या, दर बदलीला बदलत बसू नका. कँटीनचं स्मार्ट कार्ड कुठेही चालतं.

व्हॉट्सॲपवर ‘निघालो’ असं टाकलं तर काय बिघडतं?

कोणती युनिट कुठून कुठे आणि कधी चालली आहे हे त्यातून कळतं, आणि ते गोळा करायला माणसं बसलेली आहेत. जुलै 2020 मध्ये लष्करानं जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह 89 ॲप मोबाइलमधून काढायला सांगितलं होतं. जवान काळजी घेतात, स्टेटस पडतो तो मेव्हण्याच्या फोनवरून. घरच्यांना आधीच सांगून ठेवा: फोटो चालेल, जागा आणि तारीख नको.

आणखी एक. ‘मी फौजी आहे, बदली झाली म्हणून गाडी स्वस्तात विकतोय’ अशा जाहिराती तुमच्याच ओळखपत्राच्या फोटोवर चालतात. पॅकर्सला किंवा घरमालकाला ओळखपत्राचा फोटो पाठवू नका. समोर दाखवा आणि परत खिशात घाला.

मतदानाचं काय?

सर्व्हिस व्होटर म्हणून गावच्या मतदारसंघात नाव नोंदवता येतं, त्यासाठी युनिटमार्फत फॉर्म 2 भरायचा. मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं येते, तुम्ही ती पोस्टानं परत पाठवता. सोबत राहणाऱ्या पत्नीचं नावही त्यात येतं. 2021 च्या दुरुस्तीनंतर महिला सैनिकाच्या पतीचंही येऊ शकतं. बदली झाल्यावर नव्या युनिटची नोंद झाली नाही तर मतपत्रिका जुन्याच पत्त्यावर जाते. तेव्हा रिपोर्ट केल्यावर ज्या दिवशी क्वार्टरचा अर्ज द्याल, त्याच दिवशी हेही विचारून घ्या.